स्वस्त औषध, महाग बाजार : अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या हृदयोपचाराचे अर्थकारण

(मैलापूर, चेन्नई येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने नवजात बालकांच्या हृदयाविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. उपचार कसा करावा हे सांगण्याचा अधिकार वैद्यकाचा आहे आणि त्यात ढवळाढवळ करण्याचा माझा हेतू नाही. परंतु औषध कोणी बनवावे, ते कोणत्या किमतीला विकले जावे, ते कोणी निवडावे, त्याचे पैसे कोणी द्यावेत आणि ते द्यावे की देऊ नये हे ठरविणारे ज्ञान कोणाच्या खर्चाने निर्माण व्हावे, हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत. हे सर्व प्रश्न एकाच ठिकाणी, एकाच लहानशा रक्तवाहिनीच्या निमित्ताने एकत्र आलेले आपणांस पाहावयाचे असतील, तर आजचा विषय त्यासाठी अत्यंत योग्य आहे.

मैलापूरमध्ये हा विषय मांडण्यात एक औचित्यही आहे. येथील लझ भागात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. पाठ्यपुस्तकातील सिद्धान्त एखाद्या देशाला लागू करण्यापूर्वी तेथील परिस्थिती पाहिली पाहिजे, हा आग्रह रानड्यांनी भारतीय अर्थशास्त्राच्या विवेचनात सातत्याने धरला. औषधांच्या बाजाराचा विचार करताना हा आग्रह आजही उपयोगी पडतो.

एक वाहिनी, दोन अर्थ

प्रथम विषयाची वैद्यकीय बाजू थोडक्यात समजून घेऊ. गर्भाशयात बाळ श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू आईच्या रक्तातून, वारेमार्फत मिळतो. त्यामुळे हृदयातून फुफ्फुसांकडे निघालेले बहुतांश रक्त फुफ्फुसांत न जाता एका आखूड जोडवाहिनीतून थेट महारोहिणीत जाते. या जोडवाहिनीला वैद्यकात ‘डक्टस आर्टेरिओसस’ म्हणतात. गर्भावस्थेत ती उघडी राहणे आवश्यक असते आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तिला उघडी ठेवतात.

जन्मानंतर बाळ पहिला श्वास घेते, रक्तातील प्राणवायू वाढतो, वारेशी संबंध तुटतो आणि प्रोस्टाग्लँडिनचे प्रमाण घटते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात ही वाहिनी सर्वसाधारणपणे पहिल्या दोन-तीन दिवसांत आकुंचन पावून बंद होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मात्र तिचे स्नायू परिपक्व झालेले नसतात आणि प्रोस्टाग्लँडिनचा प्रभावही टिकून राहतो. वाहिनी उघडीच राहिली तर रक्त उलट्या दिशेने, म्हणजे महारोहिणीतून फुफ्फुसांकडे वाहू लागते. फुफ्फुसांवर रक्ताचा अतिरिक्त भार पडतो, तर आतडी व मूत्रपिंडे यांना पुरेसे रक्त मिळत नाही. बाळ जितके अधिक अपुऱ्या दिवसांचे, तितकी ही शक्यता अधिक असते.

या अवस्थेला ‘पेटंट डक्टस आर्टेरिओसस’ असे नाव आहे. येथील ‘पेटंट’ या शब्दाचा अर्थ ‘उघडी’ एवढाच आहे. आपण अर्थशास्त्रात ज्याला पेटंट म्हणतो तो शब्दही त्याच लॅटिन मुळातून आला आहे. राजाने सर्वांनी वाचावे म्हणून उघड्या स्वरूपात दिलेली सनद, असा त्याचा मूळ अर्थ. शोध उघड करावा आणि त्या मोबदल्यात ठरावीक काळ मक्तेदारी मिळावी, हा त्या व्यवस्थेचा पाया आहे. आज आपल्याला हे दोन्ही अर्थ लागणार आहेत.

परीक्षेच्या दृष्टीने एक भेद ध्यानात ठेवावा. पूर्ण दिवसांच्या मुलात ही वाहिनी दीर्घकाळ उघडी राहिली तर तो जन्मजात हृदयदोष समजला जातो. त्यावर येथे सांगितलेली औषधे सहसा उपयोगी पडत नाहीत. उपकरणाने किंवा शस्त्रक्रियेने वाहिनी बंद करावी लागते. अशा मुलांच्या तपासणीची सोय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे. त्याचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला होता. आपला आजचा विषय अपुऱ्या दिवसांच्या बाळापुरता मर्यादित आहे.

तीन जुनी औषधे

ही वाहिनी बांधून बंद करण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये बोस्टन येथे सात वर्षांच्या एका मुलीवर केली. परंतु किलोभर वजनाच्या बाळावर शस्त्रक्रिया करणे ही वेगळी गोष्ट होती. औषधाचा मार्ग उघडला तो १९७० च्या दशकात. ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे ब्रिटनमधील जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले आणि त्या कार्यासाठी त्यांना १९८२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. वाहिनी प्रोस्टाग्लँडिनमुळे उघडी राहत असेल, तर ते रोखणारे औषध तिला बंद करू शकेल, हे अनुमान स्वाभाविक होते. १९७६ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी इंडोमेथासिन या औषधाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील वाहिनी बंद होत असल्याचे प्रसिद्ध केले.

इंडोमेथासिन हे सांधेदुखीवरचे औषध होते. पुढे आयब्युप्रोफेन हे वेदनाशामकही याच कामासाठी उपयोगी ठरले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका तुलनात्मक चाचणीत दोन्ही औषधे वाहिनी बंद करण्यात जवळजवळ सारखीच परिणामकारक आढळली. आयब्युप्रोफेनमुळे लघवीचे प्रमाण कमी होण्याचा त्रास मात्र कमी होता. २०११ मध्ये इस्रायलमधील डॉक्टरांनी पाच बाळांचा अनुभव प्रसिद्ध केला. आयब्युप्रोफेन लागू न पडलेल्या किंवा देता न येणाऱ्या या बाळांत पॅरासिटामॉलने वाहिनी बंद झाली होती. त्यानंतर या तिसऱ्या औषधावरही अनेक चाचण्या झाल्या.

या तिन्ही औषधांत एक समान गोष्ट आहे. मूळ रसायन म्हणून यांपैकी कोणतेही औषध आज पेटंटच्या कक्षेत नाही. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल तर आपल्याकडे कोपऱ्यावरच्या औषधदुकानात मिळतात. तेव्हा येथे किमतीचा प्रश्नच उद्भवू नये, असे पाठ्यपुस्तक सांगेल. प्रत्यक्षात काय घडले ते पाहू.

छत्तीस डॉलरची कुपी

अमेरिकेत शिरेतून देण्याचे इंडोमेथासिन मर्क ही कंपनी विकत असे. ऑगस्ट २००५ मध्ये ओव्हेशन नावाच्या लहान कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. त्याच सुमारास आयब्युप्रोफेनचा लायसिन क्षार असलेले एक नवे इंजेक्शन मान्यतेच्या उंबरठ्यावर होते. जानेवारी २००६ मध्ये ओव्हेशनने त्याचेही हक्क घेतले. एप्रिल २००६ मध्ये त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. म्हणजेच, या कामासाठी तेथे मान्यता असलेली दोन्ही औषधे एकाच विक्रेत्याच्या हाती आली. पुढे संघीय व्यापार आयोगाने न्यायालयात मांडल्यानुसार, इंडोमेथासिनच्या एका कुपीची किंमत सुमारे ३६ डॉलरवरून जवळजवळ ५०० डॉलरवर नेण्यात आली. ही वाढ सुमारे १,३०० टक्के होते. औषधात तसूभरही बदल झालेला नव्हता.

इंडोमेथासिनचे पेटंट संपलेले असताना दुसरा उत्पादक पुढे का आला नाही, असा प्रश्न आपण विचाराल. याचे उत्तर बाजाराच्या आकारात आहे. दरवर्षी औषध लागणारी बाळे तुलनेने थोडी असतात. निर्जंतुक इंजेक्शनचे उत्पादन, त्याची मान्यता आणि दर्जाची तपासणी यांचा स्थिर खर्च मात्र मोठा असतो. जेथे स्थिर खर्च मोठा आणि मागणी थोडी, तेथे पेटंट नसतानाही मक्तेदारी टिकते. तिला मोडण्याइतका लाभ दुसऱ्या उत्पादकाला दिसत नाही, दिसला तरी तो बाजारात पोहोचेपर्यंत बराच काळ जातो.

डिसेंबर २००८ मध्ये संघीय व्यापार आयोगाने या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. २००९ मध्ये लुंडबेक या डॅनिश कंपनीने ओव्हेशन विकत घेतल्यामुळे हा खटला लुंडबेकच्या नावाने ओळखला जातो. प्रतिस्पर्धी औषध विकत घेऊन स्पर्धा संपविली, असा आयोगाचा आरोप होता. मिनेसोटा येथील जिल्हा न्यायालयाने २०१० मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने दिला आणि ऑगस्ट २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला.

निवडणारा एक, पैसे देणारा दुसरा

निकालाचे कारण आपल्या अभ्यासक्रमातीलच आहे. दोन वस्तू एकाच बाजारात आहेत काय, हे ठरविण्याची एक कसोटी म्हणजे मागणीची छेदक लवचिकता. चहा महागला की कॉफीची मागणी वाढते, म्हणून त्या पर्यायी वस्तू. या खटल्यात नवजात शिशुतज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. आपण औषध निवडताना त्याचे गुणदोष पाहतो, किंमत पाहत नाही, असे त्यांनी सांगितले. त्यावरून दोन्ही औषधांमधील छेदक लवचिकता अत्यल्प आहे, म्हणून त्यांचे बाजार वेगळे आहेत आणि वेगळ्या बाजारांतील दोन औषधे एकाने घेतली तर स्पर्धा घटत नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

तर्काच्या दृष्टीने हा निष्कर्ष सुसंगत आहे, तरी त्यातील पेच ओळखला पाहिजे. ज्या कारणामुळे किंमत तेरापट-चौदापट करता आली, ते कारण म्हणजे मागणीची ताठरता. तीच ताठरता स्पर्धेची हानी झाली नाही याचा पुरावा ठरली. बाळाच्या पाळण्याशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टराने किमतीचा विचार करू नये, हे आपणां सर्वांना मान्य आहे. पालक तर निवडीच्या प्रक्रियेत नसतातच. पैसे रुग्णालय, विमा कंपनी किंवा शासन देते. निवडणारा, वापरणारा आणि पैसे देणारा हे तीन वेगळे असतात, तेव्हा किमतीचा संदेश कोणापर्यंतच पोहोचत नाही. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये आरोग्यसेवेच्या अर्थकारणावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात अनिश्चितता आणि माहितीची असममितता यांवर जो भर दिला, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. दोन औषधे दोन स्वतंत्र कंपन्यांकडे असती, तर रुग्णालयाच्या खरेदी समितीसमोर आपले औषध स्वस्तात देऊ करण्याचा मोह एखाद्या कंपनीला झाला असता काय? छेदक लवचिकता ही निसर्गदत्त राशी नसते. खरेदीची व्यवस्था बदलली की तीही बदलते. डॉक्टर व्यक्तिशः किंमत पाहत नसले, तरी डॉक्टर, औषधनिर्मातज्ज्ञ आणि लेखापाल यांची समिती औषधांची यादी ठरवीत असेल, तर किमतीला महत्त्व येते. हा मुद्दा भारतासाठी महत्त्वाचा आहे.

आपल्या स्पर्धा अधिनियम, २००२ मध्ये संबंधित उत्पादन बाजाराची व्याख्या करताना गुणधर्म, किंमत आणि अपेक्षित वापर यांच्या आधारे ग्राहकाला परस्परांऐवजी वापरता येतील अशा वस्तूंचा विचार केला आहे. प्रभुत्वाच्या गैरवापरासंबंधीच्या तरतुदी मे २००९ पासून आणि कंपन्यांच्या एकत्रीकरणासंबंधीच्या तरतुदी जून २०११ पासून अमलात आल्या. औषधाच्या बाबतीत हा ‘ग्राहक’ म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न उद्याच्या प्रशासकांना आणि न्यायाधीशांना सोडवावा लागणार आहे.

भारताचे कवच आणि त्यातील उणीव

आपल्याकडे अशी किंमतवाढ होणे अवघड का आहे? याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण पेटंट कायद्यात आहे. २००५ मध्ये आपण औषधांसाठी उत्पादन पेटंट स्वीकारले, तेव्हाच कलम ३(ड) चे स्वरूप अधिक कडक केले. ज्ञात पदार्थाचा केवळ नवा उपयोग शोधला, तर त्याला पेटंट मिळत नाही. ज्ञात पदार्थाचा क्षार हा परिणामकारकतेत लक्षणीय फरक नसल्यास तोच पदार्थ मानला जातो. वेदनाशामकाचा नवजात बाळासाठी नवा उपयोग किंवा त्याचा नवा क्षार यांकडे आपला कायदा कोणत्या दृष्टीने पाहील, हे यावरून ध्यानात येईल. या कलमाची सर्वांत मोठी कसोटी ज्या प्रकरणात लागली, त्याचा प्रवास चेन्नईतूनच झाला. नोव्हार्टिस कंपनीच्या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाचा अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये फेटाळला, मद्रास उच्च न्यायालयाने २००७ मध्ये कलमाला दिलेले आव्हान अमान्य केले आणि सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीचे अपील फेटाळले.

दुसरे कारण किंमत नियंत्रणाचे. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीतील औषधाची कमाल किंमत बाजाराधारित सूत्राने ठरते. एक टक्का किंवा त्याहून अधिक बाजारहिस्सा असलेल्या उत्पादनांच्या किमतींची साधी सरासरी आणि त्यावर किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के नफा, असे हे सूत्र आहे.

तिसरे कारण सार्वजनिक खरेदीचे, आणि त्याचे उगमस्थान याच शहरात आहे. तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाची स्थापना १९९४ मध्ये झाली. औषधांची खरेदी जेनेरिक नावाने व खुल्या निविदेने, वितरणापूर्वी प्रयोगशाळेत दर्जाची तपासणी, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुकाद्वारे आपल्या गरजेनुसार औषध उचलण्याची मुभा, अशी ही पद्धती आहे. केरळने २००८ मध्ये आणि राजस्थानने २०११ मध्ये याच धर्तीवर महामंडळे उभारली. महाराष्ट्रात २०१७ पासून खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे होते. २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा करण्यात आला.

या कवचात एक उणीव आहे आणि ती आपण डोळसपणे पाहिली पाहिजे. किंमत नियंत्रण आणि मोठी निविदा ही दोन्ही साधने भरपूर खपणाऱ्या औषधांसाठी उत्तम चालतात. नवजात बाळासाठी योग्य मात्रेत तयार केलेल्या औषधाची मागणी मात्र अत्यंत थोडी असते. अशा निविदेला प्रतिसाद देण्यात उत्पादकाला रस नसतो. परिणामी औषध महाग होण्याऐवजी ते मिळेनासे होते. अमेरिकेतील अपयश किमतीत दिसले. आपल्याकडील अपयश अनुपलब्धतेत दिसू शकते. अनुपलब्धतेची आकडेवारी किमतीसारखी वर्तमानपत्रात छापून येत नाही, म्हणून ती अधिक दुर्लक्षित राहते.

या अडचणीतून आपल्या डॉक्टरांनी व्यवहार्य मार्ग काढला. अनेक नवजात विभागांत मुलांच्या तापासाठीचे पातळ आयब्युप्रोफेन नळीद्वारे पोटात दिले जाते, किंवा पॅरासिटामॉल वापरले जाते. तोंडावाटे दिलेले आयब्युप्रोफेन शिरेतून दिलेल्या औषधाच्या तुलनेत वाहिनी बंद करण्यात कमी पडत नाही, असा चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणाचा निष्कर्ष आहे. जे औषध काही रुपयांत मिळते, त्याच औषधाचे अन्यत्र शेकडो डॉलर पडत होते. औषधाची किंमत त्याच्या रसायनावरून ठरत नाही. ती बाजाराच्या रचनेवरून ठरते, हा आजच्या विवेचनाचा पहिला निष्कर्ष.

औषध न देण्याचे ज्ञान

आता दुसऱ्या निष्कर्षाकडे वळू. औषधाने वाहिनी बंद होते, हे १९७६ पासून ठाऊक होते. परंतु वाहिनी बंद केल्याने बाळाचे भले होते काय, हा प्रश्न वेगळा आहे. पहिला प्रश्न साधनाचा, दुसरा साध्याचा. शासकीय योजनांच्या मूल्यमापनात आपण निर्गत आणि फलित असा जो भेद करतो, तोच येथे आहे. शाळेची इमारत बांधली हे निर्गत, मूल वाचू लागले हे फलित.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,२०२ बाळांच्या एका मोठ्या चाचणीत जन्मानंतर लगेच प्रतिबंधक म्हणून इंडोमेथासिन दिले असता उघड्या वाहिनीचे आणि मेंदूतील तीव्र रक्तस्रावाचे प्रमाण घटले. मात्र दीड वर्षाच्या वयात मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व यांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१६ मध्ये, पहिल्या दोन आठवड्यांत सरसकट वाहिनी बंद करण्याच्या उपचाराने दीर्घकालीन लाभ दिसत नाही, असे मत नोंदविले. नेदरलँड्स, बेल्जियम आणि डेन्मार्कमधील २७३ बाळांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लवकर आयब्युप्रोफेन दिलेल्या गटात मृत्यू, आतड्यांचा गंभीर विकार किंवा फुफ्फुसांचा दीर्घ विकार यांपैकी काही ना काही ६३.५ टक्के बाळांत आढळले. केवळ लक्ष ठेवून वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ४६.३ टक्के होते. ब्रिटनमधील ६५३ बाळांची चाचणी २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. तिच्यातही मोठी वाहिनी असलेल्या बाळांना लवकर आयब्युप्रोफेन दिल्याने मृत्यू किंवा फुफ्फुसविकाराचे प्रमाण कमी झाले नाही.

याचा अर्थ औषध निरुपयोगी आहे, असा काढू नये. कोणत्या बाळाला, केव्हा द्यावे याची निवड काटेकोर हवी, असा त्याचा अर्थ आहे. धीराने वाट पाहिली तर पुष्कळ बाळांत ही वाहिनी आपोआप बंद होते. परंतु वाट पाहणे म्हणजे काहीच न करणे नव्हे. त्यासाठी प्रशिक्षित परिचारिका, हृदयाची सोनोग्राफी आणि दिवसरात्र देखरेख लागते. औषधाची कुपी त्या मानाने स्वस्त असते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे लक्षणीय गोष्ट ही की, ‘हे औषध बहुतेकांना देऊ नका’ हे ज्ञान विकता येत नाही. ते एकदा प्रसिद्ध झाले की सर्वांचे होते आणि एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी ते घटत नाही. सार्वजनिक वस्तूची दोन्ही लक्षणे त्यात आहेत. ज्या औषधाचे पेटंट संपले आहे, त्याचा वापर घटविणाऱ्या चाचणीवर कोणतीही कंपनी आपण होऊन खर्च करणार नाही. बाजार अशा ज्ञानाचे उत्पादन आवश्यकतेपेक्षा कमी करतो. ते सार्वजनिक निधीतूनच निर्माण व्हावे लागते. वर सांगितलेल्या ब्रिटनमधील चाचणीला तेथील शासकीय आरोग्य संशोधन संस्थेचे पाठबळ होते.

कुपीच्या आधीची साखळी

जागतिक अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातील होती. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २० बाळे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावत होती. तामिळनाडूत हा दर ९, महाराष्ट्रात ११ आणि केरळात ४ होता. शाश्वत विकास उद्दिष्टांनुसार २०३० पर्यंत तो १२ वर आणावयाचा आहे, तर २०१४ च्या भारतीय नवजात शिशु कृती आराखड्याने एक अंकी दराचे ध्येय ठेवले आहे.

राज्याराज्यांतील हे अंतर वाहिनी बंद करणाऱ्या औषधाने पडलेले नाही. ते त्याच्या आधीच्या साखळीने पडले आहे. अकाली प्रसूतीची चिन्हे दिसताच आईला डेक्सामेथासोन हे स्वस्त इंजेक्शन दिले, तर बाळाची फुफ्फुसे लवकर परिपक्व होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या समन्वयाने झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या इंजेक्शनामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. भारतातील केंद्रांत आपल्या सीमाभागातील बेळगावचा समावेश होता. बाळाला जन्मल्यापासून आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवण्याच्या कांगारू पद्धतीवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुदेशीय चाचणीत मृत्यूचे प्रमाण १५.७ वरून १२ टक्क्यांवर उतरले. त्या चाचणीत दिल्लीतील एक सार्वजनिक रुग्णालय सहभागी होते. आणि गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात सेवा देऊन मृत्यूदर निम्म्याहून खाली आणल्याचे १९९९ मध्येच दाखवून दिले होते.

शासकीय व्यवस्थेत २००३ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे पहिला विशेष नवजात शिशु दक्षता कक्ष सुरू झाला. आज देशात असे एक हजाराहून अधिक कक्ष आहेत. १ जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात आजारी नवजात बाळाला औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहतूक विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. पुढे ही सवलत एक वर्षापर्यंतच्या बालकांना लागू झाली. कागदावर हक्क आहे. तो पाळण्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे गोदामातील साठा, रात्रपाळीतील परिचारिकांची संख्या आणि सोनोग्राफी करणारा तज्ज्ञ यांवर ठरते.

धोरणाची दिशा

मित्रहो, या विवेचनातून धोरणाच्या तीन दिशा दिसतात. पहिली, थोडी मागणी असलेल्या नवजात औषधांसाठी राज्यांनी एकत्रित खरेदी करावी. एका राज्याची मागणी उत्पादकाला नगण्य वाटत असली, तरी दहा राज्यांची एकत्र मागणी आणि काही वर्षांच्या खरेदीची हमी त्याला पुरेशी वाटू शकते. दुसरी, प्रत्येक मोठ्या रुग्णालयात औषधनिवडीची समिती कार्यक्षम असावी, म्हणजे पाळण्याशेजारच्या डॉक्टराला किमतीची चिंता करावी लागणार नाही आणि तरीही किंमत कोणीतरी पाहिलेली असेल. तिसरी, पेटंट संपलेल्या स्वस्त औषधांच्या चाचण्यांसाठी सार्वजनिक निधी राखून ठेवावा. दरवर्षी लाखो अपुऱ्या दिवसांची बाळे जन्मणाऱ्या देशाने त्यांच्यासंबंधीचे ज्ञान केवळ आयात करीत राहणे परवडणारे नाही. युरोपातील अतिदक्षता विभागात काढलेला निष्कर्ष आपल्या जिल्हा रुग्णालयात जसाच्या तसा लागू होईल असे गृहीत धरणे, हे रानड्यांनी ज्या चुकीविषयी सावध केले होते त्याच जातीचे आहे.

नव्या आव्हानाची चाहूलही लागली आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत ७०० ग्रॅमहून अधिक वजनाच्या बाळातही रक्तवाहिनीतून नेऊन बसविता येईल अशा लहान उपकरणाला मान्यता मिळाली. औषधांविषयी आज जे प्रश्न आपण विचारले, तेच उद्या या उपकरणाविषयी विचारावे लागतील. त्याची किंमत कोण ठरवितो, ते कोण निवडतो, पैसे कोण देतो, आणि ते बसविल्याने बाळाचे भले होते याचा पुरावा कोणी गोळा केला आहे?

आपल्यापैकी काहीजण उद्या एखाद्या जिल्ह्याचे प्रशासन सांभाळतील. नवजात कक्षाच्या पाहणीस जाल, तेव्हा यंत्रे किती आहेत याबरोबरच मागील महिन्यात कोणते औषध किती दिवस उपलब्ध नव्हते आणि रात्री एका परिचारिकेकडे किती बाळे असतात, हे दोन प्रश्न अवश्य विचारा. त्यांची उत्तरे नोंदवहीत मिळतात. ती पाहण्याची सवय लागली, तर किलोभर वजनाच्या त्या बाळाला आपल्या अर्थशास्त्राचा काही उपयोग झाला असे म्हणता येईल.